सहा नंबरचा शून्य

नामाकाकांच्या नाकाची मी दोन वर्षं टिंगल केली, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं ऐकून तुम्ही मला शिव्या घालणारच आहात, तर सुरुवात तिथूनच होऊ दे.

दिघ्याला, ठाणे-बेलापूर रोडपासून आत, धर्मराजशेठचं कोल्ड स्टोरेज होतं. सहा खोल्या, प्रत्येकीला हातभर जाडीचं दार. थंडाव्यासाठी पाइपांतून अमोनिया फिरायचा. हा गॅस पाइपात आहे तोवर गरीब गाय, बाहेर आला की डोळे आणि छाती जाळून टाकतो. बंद खोलीत भरला आणि माणूस आत गेला, तर दोन मिनिटांत खेळ खलास.

नामाकाका तिथले जुने ऑपरेटर. खाडीकाठच्या गावचे. जमीन कंपन्यांत गेली आणि बदल्यात ही नोकरी मिळाली. कुठलंही दार उघडायच्या आधी ते दाराच्या रबरी पट्टीला नाक लावायचे, लांब श्वास घ्यायचे, "हां, बरा हाय," म्हणायचे आणि मगच दांडा ओढायचे. दिवसातून वीस वेळा. मी म्हणायचो, "काका, दाराचा मुका घेताय की काय? काकीला सांगू का?" ते हसायचे. माझा राग त्यांना कधी आला नाही, आणि तेच आता मला जास्त लागतं.

मी सुधीर, तिथला कॉम्प्युटरवाला. बाप वाशीच्या मार्केटात माथाडी, मी घरातला पहिला डिप्लोमावाला, त्यामुळे अंगात थोडी मस्ती होतीच. सत्त्याण्णव साली इन्शुरन्सवाल्यांनी शेठच्या मागे लकडा लावला, की खोल्यांमध्ये गॅस मोजणारे सेन्सर बसवा. शेठने सहा सेन्सर आणले आणि म्हणाले, "सुध्या, सहाही खोल्यांचे आकडे एका स्क्रीनवर दिसले पाहिजेत. दसऱ्याला मुहूर्त करायचा."

कॉम्प्युटरमध्ये मी लिनक्स टाकलं होतं, एका मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या सीडीवरून. सेन्सरच्या वायरी जोडायला आठ तोंडांचं एक कार्ड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलं. कार्ड बसवलं, सिस्टिम चालू केली, आणि सिस्टिमला कार्ड दिसेचना. कार्डाची भाषा सिस्टिमला समजावून सांगणारा जो प्रोग्राम लागतो, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो कार्डाबरोबरच्या फ्लॉपीत होता. पण दुसऱ्याच सिस्टिमसाठी. आमच्यासाठीचा ड्रायव्हर कुठल्यातरी परदेशी कॉलेजच्या पोराने लिहिलाय एवढं कळलं. त्याला मेल टाकला. त्याचं उत्तर, "पुढच्या आठवड्यात देतो." आणि दसरा तीन दिवसांवर.

शेठला म्हटलं, मुहूर्त पुढे ढकलू. शेठने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या घरी सुतक सांगायला आलोय. "भटजी सांगून ठेवलेत, मुलुंडहून पाहुणे येणारेत. दसऱ्याला स्क्रीनवर आकडे दिसले पाहिजेत. कसे, ते तू बघ."

मग मी ते बघितलं. आता नीट ऐका, सगळी गोम इथेच आहे.

लिनक्समध्ये प्रत्येक यंत्राच्या नावाची एक फाइल असते. तिला फाइल म्हणायचं, पण ती असते दार. ती उघडून वाचली, की पलीकडचं यंत्र जे बोलत असेल ते ऐकू येतं. माझा प्रोग्राम गॅस१ ते गॅस६ अशा सहा फाइली दर मिनिटाला वाचणार होता. ड्रायव्हर नाही म्हणजे ही दारं बनवता येत नव्हती. म्हणून मी त्याच जागी त्याच नावाच्या सहा साध्या फाइली बनवल्या, आणि प्रत्येकीत माझ्या हाताने शून्य लिहून ठेवला. भिंतीवर रंगवलेलं दार. प्रोग्राम बिचारा त्या वाचायचा आणि स्क्रीनवर सहा शून्य दाखवायचा.

दसऱ्याला मॉनिटरवर झेंडूची माळ, कीबोर्डला हळदकुंकू, शेठने नारळ फोडला, स्क्रीनवर सहा हिरवे शून्य. टाळ्या पडल्या. पाहुणे गेल्यावर मी नामाकाकांना बाजूला घेतलं आणि खरं ते सांगितलं. "काका, हे सगळं नाटक आहे. मी सांगेपर्यंत नाकच वापरा." ते म्हणाले, "बरा." इथपर्यंत मी शहाण्यासारखा वागलो होतो.

पुढच्या बुधवारी ड्रायव्हर आला. चालला. काय आनंद झाला म्हणून सांगू! मी खोट्या फाइली उडवून खरी दारं बनवायला बसलो. एक, दोन, तीन, चार, पाच. सहा नंबरच्या खोलीत पाइपलाइनचं वेल्डिंग चाललं होतं, तिथला सेन्सर अजून भिंतीवर चढायचा होता. म्हटलं, सहावं उद्या करू.

गुरुवारी मी वाशीला घरी होतो, ताप आला होता. फिटरने सेन्सर बसवला, वायर कार्डाला जोडली आणि फोन केला. "सहा नंबर दिसतोय काय बघा." मी नामाकाकांना फोनवर घेतलं. "काका, स्क्रीनवर शेवटचा आकडा किती?"

"शून्य."

"झालं तर मग."

"आता खरा ना, सुधीर? नाक सोरू?"

"शंभर टक्के खरं. आता नाकाला पेन्शन द्या. दार उघडण्याआधी एकदा स्क्रीन बघा, बस."

फोन ठेवून मी गोधडी डोक्यावर घेतली आणि झोपलो. सहावी फाइल तशीच राहिली. स्क्रीनवर सहाची जागा रिकामी असती तर मला आठवण झाली असती, पण शून्य दिसत होता ना! जिथे काहीच दिसत नाही तिथे माणूस बघायला जातो.

आता त्याच्या पुढच्या आठवड्यातला तो रविवार. घरी माझ्याकडे जुना पीसी आणि मॉडेम होता. कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसातल्या फोनला दुसरं मॉडेम लावून ठेवलं होतं, म्हणजे घरबसल्या फोनवरून तिकडचं बघता यायचं. सोमवारी शेठला छान कागद काढून दाखवावा म्हणून दुपारी तीनच्या सुमाराला मी फोन लावला आणि ड्रायव्हर आल्यापासूनच्या अकरा दिवसांचे आकडे समोर घेतले. चार खोल्यांचे आकडे डोलत होते. शून्य, एक, दोन, परत शून्य. खरा सेन्सर असाच चुळबुळ करतो. पाच नंबर सकाळपासून चढत होता. तीन, पाच, नऊ. पंचवीसपर्यंत चिंता नसते, म्हणून मी तेवढं मनावर घेतलं नाही. मग सहाच्या रकान्याकडे नजर गेली. शून्य, शून्य, शून्य. अकरा दिवस, दर मिनिटाला, शून्य.

मी फाइलींची यादी मागवली. या यादीत ओळीच्या सुरुवातीला सी हे अक्षर असलं की ती यंत्राची फाइल, आडवी रेघ असली की साधी. पाच ओळींना सी होतं. सहाव्या ओळीला आडवी रेघ.

"आयला," मी मोठ्याने म्हणालो. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय झालं रं?"

ती फाइल उडवली. तिथे खरं दार बनवलं. एकदा चुकीचं टाइप झालं, परत केलं. मग मिनिटभर नुसता स्क्रीनकडे बघत बसलो, प्रोग्रामची पुढची फेरी यायची होती. तीन वाजून पंचवीस मिनिटं. सहा नंबर, तीनशे.

तीनशे म्हणजे तीनशे नव्हे. त्या सेन्सरला तीनशेच्या पुढे मोजताच येत नव्हतं.

मग एकेक गोष्ट डोक्यात फटाफट जुळत गेली. सहाचं वेल्डिंग नवीन. शनिवारी रात्री तिथला गॅस पहिल्यांदा चालू केलेला. पाच नंबर वाढत होता कारण मधली भिंत एकच. आणि आज चार वाजता उरणहून माशांचा टेम्पो येणार, तो सहातच उतरवायचा. रविवार म्हणून ड्युटीवर एकटे नामाकाका. टेम्पो यायच्या आधी ते खोली उघडून आत जाणार, फळ्या मांडणार, नेहमीसारखं. आणि दार उघडण्याआधी एकदा स्क्रीन बघणार, कारण मी तसं सांगितलं होतं.

त्यांनी स्क्रीन आधीच बघितली असेल तर?

मॉडेमची लाइन तोडली आणि ऑफिसला फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. मग लक्षात आलं. तिकडचं मॉडेम अजून फोन धरून बसलं होतं. इकडून तोडलं की तिकडूनही आपोआप सुटावं, याची एक सेटिंग असते. ती मी "नंतर करू" म्हणून ठेवली होती. माझंच मॉडेम, माझाच फोन, आणि मलाच आत जाऊ देईना. शेठच्या केबिनमध्ये दुसरा फोन होता, तो वाजत राहिला. रविवारी केबिनला कुलूप असतं.

मी चप्पल न घालता खाली पळालो. सेक्टरच्या कोपऱ्यावर रिक्षा मिळाली. "दिघा, अर्जंट, माणूस मरतोय," म्हणालो. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रिक्षा दामटली.

त्या रस्त्याचं काय सांगू? कोपरखैरणेपासून ट्रक आणि कंटेनरची रांग. रिक्षा कच्च्या साइडपट्टीवरून उडत होती आणि मी दांडा धरून एकच हिशोब करत होतो, साडेतीन, पस्तीस, चाळीस. मांडीवर मुठी आपटत होतो. आकडा पंचवीसच्या वर गेला की कॉम्प्युटर टुंटुं करतो, पण कॉम्प्रेसरच्या घरघरीत ते बाहेर कोणाला ऐकू येणार?

एकच आधार होता. नाक. अरे, नामाकाकांचं नाक! तीन दारं सोडून पलीकडची गळती ओळखणारा माणूस, अशी त्यांची जुनी ख्याती. सवय अशी दहा दिवसांत जाते होय? दाराशी गेले की आपोआप नाक लावतील, वास येईल, मागे सरकतील. मी मनातल्या मनात त्या नाकाच्या पाया पडलो. देवा, म्हटलं, परत कधी टिंगल करणार नाही. ऐरोली नाका येईपर्यंत मी जवळजवळ स्वतःची समजूत घातली होती.

गेटवर टेम्पो उभा होता. लवकर आला होता, मेला! ड्रायव्हर गंगाराम बोनेटला टेकून बिडी ओढत होता, आणि गेटपाशी सगुणाकाकी डबा घेऊन बसल्या होत्या. नामाकाकांची बायको.

"काका कुठंयत?"

"आताच आत गेलेत, सहा नंबर उघराला. कशाला रं? असा काय झयला तुला?"

"सहामध्ये गॅस आहे! पण काकांना वास येईल ना? दाराशी नाक लावतील ना ते?"

काकींच्या हातातला डबा खाली पडला. "नाक कुठला, पोरा? त्यांचा नाक दोन वरसा झयली, गेला. कायच वास येत नाय. शेठ कामावरना काराल म्हनून बोलले नाय कोनाला. नुसता नाक लावाचा ढोंग करीत. तुजा टीवी खरा झयला तवा घरी येऊन रडले खुशीनी. बोलले, आता मी कोनाला मारनार नाय."

मी धावलो. मागून गंगाराम बिडी टाकून आला. लांब बोळाच्या टोकाला सहा नंबर. दार हातभर उघडं. वास इतका की दहा पावलांवरच डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. मी शर्ट काढला, नळाखाली भिजवला, तोंडावर बांधला आणि श्वास कोंडून आत शिरलो. काही दिसत नव्हतं. पायाला पाय लागला. ते दाराकडे तोंड करून पालथे पडले होते. आत गेल्यावर भपका बसला तसे परत यायला निघाले असणार, पोचले नाहीत. मी एक बगल धरली, गंगारामने दुसरी, आणि ओढत बाहेर आणलं. बोळातून थेट उघड्यावर, नळाखाली. मी त्यांचे डोळे बोटांनी फाकून धरले आणि काकी बादलीवर बादली ओतत राहिल्या. काका खोकले. तो खोकला ऐकून मी चिखलातच बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात गेलो तर धर्मराजशेठ आधीच आलेले. काका खाटेवर, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या. छाती सुधारेल, डोळ्यांचं आठवड्याने सांगू, असं डॉक्टर म्हणाले होते. शेठच्या हातात कागद होता, सकाळी प्रिंटरवर काढून घेतलेला.

"हे बघ नामा," शेठ म्हणाले, "तीन पंचवीसला आकडा तीनशे. तू दार उघडलंस टेम्पो आल्यावर, आणि गंगारामचा टेम्पोच साडेतीनला आला. मशीन बोंबलत होतं आणि तू बघितलं नाहीस. वर नाक गेलेलं दोन वर्षं लपवलंस. आता मी इन्शुरन्सवाल्यांना काय सांगू?" मग माझ्या पाठीवर थाप मारली. "सुध्या, तुझं मशीन मात्र पास झालं हां."

"शेठ, मी बगितला ता," काका म्हणाले. आवाज घोगरा, जेमतेम फुटणारा. "सवातीनला बगितला. सहाला शून्य ता. मंग चावी घेतली, झारू मारला, टेम्पो आयला, आन गेलो."

"कागद खोटं बोलतो काय?"

काकांचा पट्टीखालचा चेहरा माझ्या दिशेने वळला. मी आल्याचं त्यांना चपलेच्या आवाजावरून कळलं असावं. "सुधीर, तू सांग. शून्य ता ना रं? का माजा डोला बी गेलता आदीच? नाक गेला तवा असाच झयला, मना समजलाच नाय कवा गेला." त्यांचा हात चादरीवर चाचपडत होता. त्या माणसाला मरणाची भीती वाटत नव्हती. स्वतःच्या डोळ्यांनी आपल्याला फसवलं, याची वाटत होती.

आणि मी? मी कालच्या रिक्षातल्यापेक्षा जास्त घाबरलो. खोटी फाइल मी उडवली होती. सहाची ती कालपर्यंत तशीच राहिली होती, हे जगात माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. कागदावरचे अकरा दिवसांचे शून्य शेठला कळले नसते, त्यांना सगळे शून्य सारखेच. गप्प बसलो तर मशीन पास, मी पास. बोललो तर नोकरी जाईल, पोलीस येतील, बाप मार्केटात तोंड दाखवू शकणार नाही. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"शून्यच होता, काका," मी म्हणालो. "तीन पंचवीसपर्यंत शून्यच होता. तो मी लिहिलेला होता. दसऱ्याला, मुहूर्तासाठी, माझ्या हाताने. तो पुसायचा मी विसरलो, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खरा आहे म्हणून सांगितलं. तुमचे डोळे बरोबर आहेत. चूक माझी आहे."

शेठचा कागद तसाच हवेत राहिला. मुहूर्त कोणाच्या हट्टापायी, हे त्यांनाही आठवलं असावं. खाली बघून त्यांनी कागदाची घडी घातली, मग आणखी एक घडी.

काका काकींच्या दिशेने म्हणाले, "ऐकलास गो? माजा डोला बराबर ता." आणि पट्टीखालून पाणी गालावर आलं. मला त्या दिवशी ते एक शब्दही बोलले नाहीत.

एक डोळा वाचला. शेठने त्यांना कामावर ठेवलं, मलाही ठेवलं, कारण तो कार्डाचा ड्रायव्हर समजणारा दुसरा माणूस अख्ख्या दिघ्यात नव्हता. दिवाळीनंतर काका आले ते थेट ऑफिसात. मी स्क्रीनपुढे होतो, सहाही आकडे चुळबुळ करत होते. त्यांनी वाचलेल्या डोळ्याने प्रत्येक आकडा वाचला. मग माझ्या मनगटाला धरून मला उठवलं आणि बोळातून सहा नंबरच्या दाराशी नेऊन उभं केलं.

"आकरे मी बगितले," ते म्हणाले. "आता तू नाक लाव."

मी रबरी पट्टीला नाक लावलं आणि लांब श्वास घेतला. नुसता माशांचा वास होता.

"बरं आहे, काका," मी म्हणालो.

तेव्हा त्यांनी दांडा ओढला. तेव्हापासून रोज, वीसच्या वीस वेळा, असंच चाललं.